गाडीचा खांदा

सुशीलाबाईंचं एक ठाम मत होतं. नवऱ्यात खोट नाही, खोट गाडीत आहे.

हे मत त्यांनी लग्नापासून बाळगलं होतं, असं मात्र कुणी समजू नये. श्यामरावांची खोट काढण्यात त्यांचा अर्धा संसार गेला होता. माणूस चहात साखर जास्त घेतो, पाहुण्यांशी कमी बोलतो, भाजीला पाठवलं तर किडकी वांगी आणतो आणि वर ‘देवानं पाठवली तशी आणली’ म्हणतो. पण अशी खोट काढायचा हक्क बाईंचा होता. दुसऱ्या कुणी तसा शब्द काढला की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. आणि आता तर खुद्द श्यामरावच स्वतःला खोट लावून बसले होते, म्हणजे कहरच झाला.

श्यामराव धोटे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. अख्खी नोकरी त्यांनी गाडीच्या शेपटाला बसून काढली. निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गाडीच्या पुढच्या टोकाला बसायला मिळालं. लाल रंगाची छोटी मोटार घेतली, तिला चमकणारी जाळीची चाकं बसवली आणि रायपुरात बीरगांवच्या अलीकडे त्यांचं घर होतं त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ते नवरदेवासारखे फिरू लागले. बाईंना मंदिरात सोड, शेजारच्यांना स्टेशनवर पोचव, कुणाची सून दवाखान्यात ने, अशी कामं ते हाक मारायच्या आधी अंगावर घेत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. हळूहळू हात चालू लागला, पाय चालू लागला, गाडीही चालू लागली. पण आता ती ब्रेक लावला की डावीकडे ओढायची. श्यामराव त्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. शेजारच्या सीटवर बसून बाईंचं अंग मात्र दर वेळी दाराकडे कलायचं, आणि नवऱ्याचं तोंड उतरलेलं त्यांना दिसायचं.

मग दिवाळीच्या आधी सदर बाजारात व्हायचं ते झालं. पुढची स्कूटर अचानक थांबली, श्यामरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळून कापडाच्या दुकानाबाहेर साड्या नेसवून उभ्या केलेल्या पुतळ्यांत घुसली. पुतळ्या आडव्या झाल्या. कडेनं चाललेल्या एका पोरीचा गुडघा खरचटला. घोळका जमला, त्यातून कुणीतरी ओरडलं, ‘‘अंकलजी, घर बैठो, माला जपो!’’ श्यामरावांनी त्या पोरीपुढे हात जोडले, दुकानदारापुढे जोडले आणि गोंधळात एका पुतळीपुढेही जोडले. लोक हसले. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘डावी बाजू गेली माही, सुशीला. हात आपोआप तिकडंच वळते. मले समजतबी नाही.’’

त्या दिवसापासून त्यांनी डावा हात शालीखाली घातला तो घातलाच. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ तिच्यावर बसत गेली.

देवश्री, त्यांची एकुलती एक लेक, सरकारी अधिकारी होती. राज्य वेगळं झालं, पुढे राजधानी उठून नव्या शहरात गेली आणि तिच्या मागोमाग देवश्रीही तिथल्या फ्लॅटमध्ये गेली. तिनं गाडी वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या माणसानं सकाळच्या गारव्यात गल्लीतून एक चक्कर मारून आणली आणि सांगितलं, ‘‘गाड़ी एकदम फिट है, मैडम.’’ गाडी फिट, म्हणजे बाप अनफिट. देवश्री रडली, मग डोळे पुसून निर्णय घेऊन मोकळी झाली. गाडी ती स्वतःकडे नेणार. संक्रांतीनंतर आईबाबांनीही तिच्याकडे राहायला यायचं. यातलं एकही वाक्य तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. वाईट मनाच्या माणसाशी निदान भांडता येतं.

श्यामराव ‘हो’ म्हणाले होते. बाईंना झोंबला होता तो हा ‘हो’. आज रविवार होता, दुपारी लेक गाडी न्यायला येणार होती.

बाईंच्या मताला पुरावा होता, पण तो उघड सांगायची पंचाईत होती. त्यांचं माहेर काटोलकडचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे बैलांची खांदशेकणी व्हायची. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना तूपहळद चोळायची, शेकायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ रायपुरात बैल कुठून आणणार? म्हणून लाल गाडी आली त्या वर्षी बाईंनी वाटीत कोमट तूप घेतलं, त्यात हळद कालवली आणि नवऱ्याला विचारलं, ‘‘इचा खांदा कुठं असते जी?’’ श्यामरावांना हसू आवरेना. त्यांनी चाकाच्या जाळीतून आत बोट दाखवलं. आत एक लोखंडी थाळी होती आणि तिला वरून पंज्यासारखं धरलेलं काहीतरी होतं. ‘‘हा पाह्य. गाडी थांबतानी सगळा जोर याच्यावर येते. हाच खांदा. पन थाळीले तूप लागू देऊ नको, नाहीतर आपणच जेवाले जाऊ वर!’’

नवऱ्यानं थट्टा केली, बायकोनं ती शिरोधार्य मानली. थाळीला एक थेंब न लागू देता, त्या पंज्याच्या रबरी घड्यांत, बैलाच्या मानेच्या वळ्यांत चोळावं तसं बाईंनी तूप मुरवलं. उजवं चाक पोर्चच्या भिंतीला टेकलेलं, तिकडे हात नीट पोचत नसे. म्हणून सगळं तूप डाव्या खांद्याला आणि उजव्याला लांबून एक हळदीचं बोट. हे दर पोळ्याला. आणि नवऱ्याच्या अंगावरून वारं गेल्यापासून दर शनिवारी, ते दुपारचे झोपले की. गाडी नीट तर नवरा नीट, एवढा सरळ त्यांचा हिशेब.

उन्हाळा सरल्यावर एकदा गाडी फिरून आल्या आल्या बाईंनी तूप सोडलं आणि आतून फोडणीसारखं चर्र वाजलं. पुढच्या खेपेलाही वाजलं. गाडीला ताप आहे, हे बाईंनी तेव्हाच ओळखलं. तापलेल्याला तूप द्यावं म्हणून त्यांनी वाटी आणखी भरली. लेकीला सांगायची सोय नव्हती. तिनं तर गाडीला बांधलेलं लिंबू-मिरचीसुद्धा ‘आई, प्लीज!’ म्हणून तोडून टाकलं होतं.

पण आज सकाळी बाईंनी पदर खोचला आणि समोरच्या घरातल्या शालिग्रामला हाक मारली. शालिग्राम सिलतऱ्याच्या एका कारखान्यात डंपर दुरुस्त करायचा. रविवारी घरी असायचा.

‘‘शालिग्राम भैया, गाडीचं डावं चाक खोलून पाहा बरं. ते गरम होते.’’

‘‘आपको कैसे मालूम, काकी?’’

‘‘मालूम म्हंजे मालूम. तापलेलं भांडं मले समजत नाही काय?’’

श्यामराव ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पानावरून नजर न उचलता ते म्हणाले, ‘‘काहून त्याचा रविवार खराब करून राहिली? दुपारी पोरगी येऊन राहिली. जाऊ दे गाडी.’’

‘‘जाईनच ते. पन आजारी काहून जाईन?’’ बाई म्हणाल्या. ‘‘लेकीच्या घरी पाठवाची त धडधाकट पाठवू.’’

शालिग्रामनं गाडी थोडी पुढे ढकलून घेतली, जॅक लावला, चाक काढलं. आतली थाळी हातानं फिरवून पाहिली तर ती हलेना. दोन्ही हात लावले तेव्हा कुरकुरत अर्धा फेर फिरली. ‘‘हव काकी,’’ तो म्हणाला, ‘‘कैलिपर जाम है.’’ मग त्यानं बाईंना समजेल असं सांगितलं. हा पंजा दोन पिनांवर सरकतो. ब्रेक दाबला की थाळीला धरतो, पाय काढला की सोडतो. हा धरतो आहे, पण सोडत नाही. म्हणून चाक तापतं आणि म्हणूनच गाडी या बाजूला ओढते.

ओसरीवरचा पेपर खाली आला.

‘‘या बाजूले म्हंजे डाव्या?’’ श्यामरावांनी विचारलं.

‘‘हव बाबूजी, बाईं तरफ.’’

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू गाडी आपणच बनवली होती. सांगत नव्हते मी? त्यांच्या जिवाला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि साखर मुद्दाम जास्त घातली.

चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा शालिग्राम पिनेशी झटत होता. पान्यानं धरून, पिळून पिळून त्यानं ती बाहेर ओढली. तिच्यावरची रबरी टोपी फुगून बेडकासारखी झाली होती. पिनेला काळपट, चिकट, खिरीच्या खरवडीसारखं काहीतरी लागलं होतं. शालिग्रामनं ते बोटानं पुसलं. आतून पिवळं निघालं.

‘‘ये क्या है?’’ तो म्हणाला. ‘‘ऐसा ग्रीस तो मैंने देखा नहीं. पीला-पीला. किस अनाड़ी ने भरा है? रबर पूरा फूल गया, ऊपर से धूल बैठ गई, जल-जल के गोंद बन गया.’’

हळद कुठेही असो, ती घालणारीला ओळखू येते. बाई दारातच थांबल्या. हातातला ट्रे त्यांनी उंबऱ्यावरच ठेवला.

श्यामराव उठून खाली आले. शाल खुर्चीत राहिली. त्यांनी पिन हातात घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला. मग डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

‘‘सुशीला,’’ ते म्हणाले, ‘‘हे तूप व्हय.’’

आणि ते हसायला लागले. आधी घशातल्या घशात, मग मोठ्यानं. हसता हसता पोर्चच्या पायरीवर बसले, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. ‘‘मी नाही!’’ ते म्हणत होते. ‘‘शालिग्राम, मी नाही बाप्पा! हात नाही, पाय नाही, हे तूप! मी नाही, सुशीला!’’ शालिग्रामला काही उमजेना, पण म्हातारा हसतो म्हणून तोही हसू लागला.

बाईंना हसू आलं नाही. नवऱ्याच्या डोक्यावरून डोंगर उतरला तो तसाच त्यांच्या छातीवर येऊन बसला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात, पण त्यात निदान मारुती तरी होतो. त्यांना ते बाजारातले जोडलेले हात दिसले. जेवताना ताटामागे लपवलेला डावा हात दिसला. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते एकेक बोट मिटून उघडून पाहायचे, तेही त्यांनी पाहिलं होतं आणि देवाला सांगितलं होतं, ‘याले बरं कर.’ आणि दुसऱ्या दिवशी उठून वाटीत तूप घेतलं होतं. त्या पोरीचा नुसता गुडघा खरचटला. तिच्या जागी एखादं लेकरू असतं तर? ब्रेक हमरस्त्यावर, ट्रकच्या पुढे धरला असता तर? बाई नवऱ्याशेजारी पायरीवर बसल्या आणि चहा तसाच निवत राहिला.

शालिग्राम नव्या रबरी टोप्या आणि रबराला चालणारं ग्रीस आणायला मोटरसायकलवरून बीरगांवच्या दुकानात गेला. जाताना जुनी पिन साफ करून ठेवा म्हणाला. बाईंनी एक फाटकं सुती लुगडं आणलं, त्यानं दिलेल्या फवाऱ्याच्या डब्यातून औषध मारलं आणि पिन घासायला घेतली. घासत घासतच त्या बोलल्या.

‘‘मले दोन शब्द बोला न.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘काहीबी. शिव्या द्या. अडाणी म्हना. बोलत नाही त मले जास्त लागून राहिलं.’’

श्यामराव पंज्यातली गोल दट्ट्याची जागा कापडानं पुसत होते. आपण दोन्ही हातांनी काम करतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ‘‘खांदा कोनं दाखवला तुले?’’ ते म्हणाले. ‘‘म्याच न? मंग अर्धी शिवी माही. पन तू वर्षातून एकदाच लावे. इतकं कसं भरलं?’’

बाईंनी सांगितलं. दर शनिवारचं, दुपारच्या झोपेचं, चर्र वाजण्याचं, सगळं. श्यामरावांनी बायकोच्या हातातलं कापड घेतलं, तिच्या बोटांना लागलेलं काळं पुसलं आणि म्हणाले, ‘‘देवश्रीले हे सांगू नको.’’

‘‘मंग काय सांगावं?’’

‘‘धूळ. सिलतऱ्याची धूळ. अख्खं रायपूर तिले शिव्या देऊन राहिलं, त्यात आपली एक.’’

‘‘खोटं बोलाचं?’’

‘‘खोटं कुठं? धूळ होतीच. तूप सांगशीन त ते पोट्टी तुले जन्मभर ऐकवीन. आधीच तिले वाटते आईले काही समजत नाही.’’

बाई ‘बरं’ म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. शालिग्राम आला, त्यानं नव्या टोप्या चढवल्या, पिनांना ग्रीस लावलं, दट्ट्या दाबून आत सरकतो का ते पाहिलं आणि चाक बसवण्याआधी थाळीला एका बोटानं ढकललं. ती फिरली. शालिग्राम जेवायला घरी गेला तेव्हा श्यामरावांनी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. आता लेकीला शेजारी बसवून एक चक्कर मारायची आणि तिचा संशय फेडायचा, असा त्यांचा बेत होता.

देवश्री आली ती दमलेली होती. बापाचा इस्त्रीचा सदरा पाहून ती दारातच थबकली. श्यामरावांनी तिला बसूही न देता सगळं सांगितलं. कॅलिपर, पिना, फुगलेली रबरं, धूळ. तिनं नीट ऐकून घेतलं. ती ऐकून घेणारी मुलगी होती, तिच्या कचेरीत तिचं नाव त्यासाठीच होतं.

‘‘बाबा, गाडी दिवाळीपासून उभी आहे,’’ ती मग हळू आवाजात म्हणाली. ‘‘इतके दिन खड़ी रही तो चाक जाम होणारच. पण सदर बाजारात ते जाम होतं, हे कशावरून? तेव्हा तर वर्कशॉपवाल्यांनी पाहिली होती. काही नव्हतं.’’

‘‘धूळ काय एका दिवसात बसते?’’

‘‘धूळ माझ्या गाडीवर पण आहे. सगळ्यांच्या गाडीवर आहे. मग फक्त तुमचंच चाक, आणि तेही डावंच?’’ तिनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘बाबा, मले पण वाटते की गाडीच खराब असावी. रोज वाटते. पण उद्या कोणी मेलं तर? किंवा तुम्हालाच काही झालं तर मी काय करू?’’

उत्तर श्यामरावांजवळ होतं. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, अगदी ओझरतं, आणि नजर काढून घेतली. मग खिशातून किल्ली काढून लेकीपुढे ठेवली.

‘‘तू म्हनते तेच खरं असन,’’ ते म्हणाले. ‘‘घेऊन जाय.’’

ते आत वळले आणि वळताना त्यांनी खुर्चीतली शाल उचलली. बाईंनी ते पाहिलं मात्र, त्यांचं डोकं फिरलं. ज्या माणसानं सकाळी पायरीवर बसून ‘मी नाही, मी नाही’ म्हणून लेकरासारखा आनंद केला, तो आपल्याला बोलणी बसू नयेत म्हणून पुन्हा लुळा व्हायला निघाला होता. धूळ म्हणे! असल्या मोठेपणाला काय चाटायचं आहे? बाईंनी जाऊन शाल त्यांच्या हातातून ओढून घेतली.

‘‘थांबा तुम्ही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘देवश्री, इकडं पाह्य. धुळीनं नाही झालं. माह्या तुपानं झालं.’’

‘‘कशानं?’’

‘‘तुपानं. तूप अन् हळद. त्या चाकाच्या खांद्याले मी लावत होती. पोळ्याले लावो, अन् तुह्या बाबाले झटका आल्यापासून दर शनिवारी लावो. डाव्यालेच, काहून की उजवं भिंतीकडं आहे, तिथं माहा हात पुरत नाही. अन् तू म्हनते न, तेव्हा जाम होतं कशावरून? दिवाळीच्या आधी, गाडी फिरून आली की तूप टाकल्याबरोबर चर्र वाजे. या कानानं आयकलं मी. चाक तेव्हाच तापत होतं. मी कोनाले सांगतलं नाही, वरून आनखी तूप टाकलं. तुह्या बाबाचा हात चांगला आहे. बिघडवलं ते मी.’’

देवश्रीचा आवाज चढला. ‘‘आई! ब्रेकवर तूप? तुले समजते का, क्या हो सकता था?’’

‘‘समजते. सकाळपासून तेच समजून राहिलं.’’

‘‘आणि बाबा, तुम्हाला माहीत होतं? तुम्ही किल्ली देऊन टाकत होता?’’

श्यामराव भिंतीवरच्या कॅलेंडरात संक्रांत कधी आहे ते शोधत राहिले. देवश्रीनं एकदा बापाकडे, एकदा आईकडे पाहिलं. रागावायला तिच्याजवळ भरपूर कारणं होती, पण त्यातलं एकही तिला धड धरता येईना. शेवटी तिनं टेबलावरची किल्ली उचलली आणि बापाच्या हातात दिली.

‘‘चला,’’ ती म्हणाली. ‘‘मी बाजूला बसते.’’

पाऱ्यामागे मैदानाला लागून एक सरळ रस्ता होता. रविवारी तिथे चिटपाखरू नसे. बाई मागच्या सीटवर बसल्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. देवश्रीनं पट्टा बांधला आणि एक हात हँडब्रेकवर ठेवला. श्यामरावांनी आधी गाडी फिरवून फिरवून, थांबवून थांबवून चांगली तापवली, कारण रोग होता तो तापल्यावरचा. मग सरळ रस्त्याला वेग घेतला आणि म्हणाले, ‘‘आता पाह्य.’’

त्यांनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून वर धरले.

गाडी नाकासमोर, रेघ ओढावी तशी गेली आणि थांबली. डावीकडे वीतभरही नाही. श्यामरावांचे हात अजून वरच होते.

‘‘फिर से,’’ देवश्री म्हणाली.

त्यांनी पुन्हा केलं. गाडी पुन्हा सरळ थांबली. मागे बाईंनी पदर तोंडाला लावला. रडणं ऐकू जाऊ नये एवढाच त्यांचा प्रयत्न होता आणि तो काही साधत नव्हता.

देवश्रीनं हँडब्रेकवरचा हात काढला. तो हात तिनं बापापुढे धरला. ‘‘बाबा, डावा हात द्या. दाबा माझा हात. जोरात.’’

श्यामरावांनी दाबला.

‘‘अजून.’’

त्यांनी दात आवळले. उन्हाळ्यापासून शालीखाली, ताटामागे, अंधारात जेवढं जपून ठेवलं होतं तेवढं सगळं त्यांनी त्या पंज्यात आणलं. देवश्रीची बोटं एकावर एक चढली, अंगठी रुतली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

‘‘आई गं! बाबा, दुखते, सोडा!’’ ती ओरडली. श्यामरावांनी घाबरून मूठ सैल केली. पण देवश्रीनं आपला हात काही काढून घेतला नाही.